करडी पट्टी परत आणा

निवडणूक सर्वेक्षणांचे आकडे संकेतस्थळांवर मांडणाऱ्या सर्व संपादक आणि आलेखकारांना,

स. न. वि. वि.

आधी माझा गुन्हा कबूल करतो, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील. काही वर्षांपूर्वी मी तुमच्यातलाच होतो. बातम्यांच्या एका संकेतस्थळासाठी आलेख काढायचो. एका संध्याकाळी सर्वेक्षण हातात आलं. एक पक्ष 46 टक्के, दुसरा 43 आणि 11 टक्के लोकांचं उत्तर ‘अजून ठरवलं नाही’. मी तीन पट्ट्या काढल्या, तिसरी करड्या रंगात. वरून निरोप आला : ती करडी काढ, मोबाइलवर जागा खाते. मी काढली. उरलेल्या 89 ला शंभर मानून पुन्हा भागाकार केला, 51.7 आणि 48.3 आले. दशांश डोळ्यांना खुपतात म्हणून पूर्णांक केले : 52 आणि 48.

तीन टक्क्यांची आघाडी चारची झाली. वर एका पक्षाने पन्नाशी ओलांडली, त्यामुळे मथळ्यात ‘निम्म्याहून अधिक मतदार’ हे शब्द आले. शेवटी दोन्ही पट्ट्या जवळपास एकाच उंचीच्या दिसतात, ‘चित्र काही बोलत नाही’, म्हणून उभा अक्ष शून्याऐवजी 40 पासून सुरू केला. आता एक पट्टी दुसरीच्या दीडपट उंच झाली आणि चित्र बोलायला लागलं. फक्त जे बोलत होतं, ते एकाही मतदाराने सांगितलेलं नव्हतं. यातली एकेक पायरी वेगळी घेतली तर तिला खोटं म्हणता येत नाही, हाच त्यातला घोळ.

ते काम सोडलं, पण सवय राहिली. कुठेही निवडणूक आली की मी चार-पाच संकेतस्थळं शेजारी शेजारी उघडतो आणि एकच सर्वेक्षण प्रत्येकाकडे कसं दिसतं ते बघत बसतो. हे पत्र त्या बघण्यातून आलं आहे. तुमच्याविषयी राग नाही. रात्रीचे अकरा वाजलेत, आकडे आताच आलेत आणि प्रतिस्पर्ध्याचं पान आपल्या आधी झळकलंय, ही अवस्था मी भोगलेली आहे.

सर्वेक्षण मांडण्याचे ढोबळ प्रकार तुम्हाला ठाऊकच आहेत. जर्मनीतलं वालरेष्ट डॉट डीई बघा. तिथे साधा तक्ता आहे. प्रत्येक सर्वेक्षण संस्थेचा एक रकाना, खाली तारखा, पक्षांचे टक्के. दिसायला अगदी सरकारी नोटिशीसारखं. पण दोन संस्थांचे आकडे एकाच आठवड्यात तीन टक्क्यांनी वेगळे असतील तर तो फरक तिथे तुमच्या डोळ्यांसमोर उघडा पडलेला असतो, सरासरीच्या पोटात गडप होत नाही. मला हे पान आवडतं. त्याच्या प्रेमात पडणं मात्र अवघड आहे, हेही मान्य.

दुसरा प्रकार सरळ सरासरीचा. अमेरिकेतलं रिअलक्लिअरपॉलिटिक्स अलीकडची काही सर्वेक्षणं निवडतं, बेरीज करून भागतं आणि एक आकडा देतं. पद्धत कुणालाही कळते, घरी कागदावर पडताळता येते. पण कोणती सर्वेक्षणं घ्यायची आणि कोणती वगळायची हे संपादक ठरवतात, आणि तिथेच सगळी मेख आहे. तिसरा प्रकार फाइव्हथर्टीएटने रुळवला. नेट सिल्व्हर यांनी 2008 मध्ये ते सुरू केलं. तिथे प्रत्येक सर्वेक्षणाला वजन होतं. संस्थेची आधीची कामगिरी कशी, नमुना किती मोठा, सर्वेक्षण किती ताजं, संस्था नेहमी एखाद्या बाजूला झुकते का, हे सगळं हिशेबात धरलं जाई. पद्धत सरस, पण वाचकाला ती घरी पडताळता येत नाही. त्याला विश्वास ठेवावा लागतो.

या दोन्ही प्रकारांची कसोटी 2016 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत विस्कॉन्सिन राज्यात लागली. रिअलक्लिअरपॉलिटिक्सच्या शेवटच्या सरासरीत हिलरी क्लिंटन 6.5 टक्क्यांनी पुढे होत्या. जिंकले ट्रम्प, एक टक्क्याहूनही कमी फरकाने. सर्वेक्षणांना वजन देण्याच्या पद्धतीने हे टळलं असतं असंही नाही, कारण दुखणं कच्च्या मालात होतं. अमेरिकेतल्या जनमत संशोधकांच्या संघटनेने नंतर सविस्तर चौकशी केली. राज्यपातळीवरच्या बऱ्याच सर्वेक्षणांनी उत्तरं देणाऱ्यांना शिक्षणानुसार वजन दिलंच नव्हतं, म्हणजे नमुन्यातला पदवीधरांचा वाटा मतदारांमधल्या वाट्याशी जुळवून घेतला नव्हता. पदवीधर लोक सर्वेक्षणाला जास्त उत्तरं देतात, त्यामुळे ते नमुन्यात गरजेपेक्षा जास्त आले होते. शितावरून भाताची परीक्षा करायला हरकत नाही, पण सगळी शितं पातेल्याच्या एकाच कडेची असतील तर कितीही शितं चेपून बघा, मधला भात कच्चा आहे हे कळायचं नाही.

त्याच चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती वाचताना मला माझी संध्याकाळ आठवली. शेवटच्या आठवड्यात मत ठरवणाऱ्यांची संख्या विस्कॉन्सिनसारख्या राज्यांत मोठी होती आणि त्यातले बरेच ट्रम्प यांच्याकडे गेले. म्हणजे करडी पट्टी. निकाल तिच्यात दडून बसला होता, आणि अनेक पानांवर ती एक तर नव्हतीच किंवा पानाच्या रंगात मिसळून गेली होती.

आता त्रुटीच्या मर्यादेविषयी, म्हणजे सगळ्यांऐवजी थोड्यांनाच विचारल्यामुळे आकडा किती वर-खाली असू शकतो त्याविषयी. तुमच्यातले जे बरे आहेत ते आलेखाखाली बारीक टायपात लिहितात, ‘त्रुटीची मर्यादा अधिक-उणे 3 टक्के’. छान. पण वाचक काय समजतो? 46 विरुद्ध 43, फरक तीनचा, मर्यादाही तीनची, म्हणजे आघाडी जेमतेम खरी. हे चूक आहे. ती मर्यादा एका पक्षाच्या आकड्याला लागू असते. एक चढला की बहुधा दुसरा उतरतो, त्यामुळे दोघांमधल्या फरकाची मर्यादा जवळजवळ दुप्पट होते. हजार लोकांच्या नमुन्यात 46-43 असेल तर तीनच्या आघाडीची मर्यादा अधिक-उणे सहाच्या आसपास येते. खरी स्थिती पहिला पक्ष नऊने पुढे ते पहिला पक्ष तीनने मागे, यांत कुठेही असू शकते. हे एक वाक्य तुमच्या पानावर मोठ्या अक्षरात मी आजवर जवळपास पाहिलेलं नाही.

आणि ही झाली फक्त नमुना निवडण्यातल्या योगायोगाची चूक. शिरानी-मेहर, रॉथ्सचाइल्ड, गोएल आणि गेलमन या संशोधकांनी 1998 ते 2014 या काळातली अमेरिकेतली चार हजारांहून जास्त सर्वेक्षणं प्रत्यक्ष निकालांशी ताडून पाहिली. सरासरी चूक साडेतीन टक्क्यांच्या घरात निघाली, छापलेल्या मर्यादेवरून जेवढी अपेक्षित धरावी त्याच्या सुमारे दुप्पट. त्यामुळे बारीक टायपातला तो ‘3’ हासुद्धा एक प्रकारचा आशावाद आहे.

मग उपगटांचं बघा. हजारांच्या सर्वेक्षणात पंचविशीच्या आतले समजा 120 जण आले. ‘तरुणांचा कौल पलटला’ असा मथळा त्या 120 जणांवर उभा राहतो. तिथली मर्यादा अधिक-उणे नऊ टक्के होते. नऊ! गेल्या महिन्यात 48 आणि या महिन्यात 42 एवढ्यावर तुम्ही अख्ख्या पिढीचं मन बदलवता. माझी सरळ विनंती आहे की उपगटाचा आलेख काढताना त्यात किती माणसं होती तो आकडा पट्टीवरच लिहा. 120 हा आकडा दिसला की निम्मे मथळे आपोआप गळून पडतील.

शक्यतेच्या टक्क्यांवर मात्र मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण सगळ्यात मोठा घोटाळा तिथे होतो आणि तो घडवणारी मंडळी बहुतेक वेळा हुशार असतात.

2016 च्या मतदानाच्या दिवशी अमेरिकेत क्लिंटन जिंकण्याची शक्यता फाइव्हथर्टीएटवर 71 टक्के होती, न्यूयॉर्क टाइम्सवर 85, हफिंग्टन पोस्टवर 98 आणि प्रिन्स्टनच्या एका प्रकल्पात 99 च्याही वर. सगळ्यांसमोरचा कच्चा माल जवळपास तोच होता. मग 71 आणि 99 यांत एवढी दरी कशी? मुख्य फरक एका गृहीतकाचा. एका राज्यात सर्वेक्षणं चुकली तर त्याच दिशेने शेजारच्या राज्यांतही चुकतील का? फाइव्हथर्टीएटने ‘हो, बऱ्यापैकी’ असं धरलं. इतरांनी चुका जास्त सुट्या धरल्या, की एकीकडची चूक दुसरीकडे भरून निघेल. भरून निघाली नाही. हे एवढं मोठं गृहीतक वाचकाला कुठे दिसलं? पद्धतीच्या पानावर, तीन क्लिक आत. वर दिसत होता फक्त टक्का.

तो टक्का वाचकाच्या डोक्यात काय होऊन बसतो तेही बघा. 71 टक्के शक्यता म्हणजे 71 टक्के मतं, असं पुष्कळांना वाटतं. मतांमध्ये 52-48 म्हणजे चुरस. तीच स्थिती शक्यतेत 85-15 होते आणि एकतर्फी वाटते. वेस्टवुड, मेसिंग आणि लेल्केस या तिघांचा 2020 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास नेमका याच्यावर आहे. शक्यतेच्या भाषेत अंदाज दाखवला की लोक निकाल जास्त पक्का समजतात, गोंधळतात, आणि काहींचा मतदानाचा उत्साहही उतरतो. म्हणजे तुमचं चित्र मोजपट्टी राहत नाही, ज्याला मोजायचं त्यालाच ते धक्का देतं.

फाइव्हथर्टीएटने यातून धडा घेतला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. 2020 मध्ये त्यांनी मोठा टक्का मागे ढकलला आणि ‘100 पैकी 89 वेळा’ अशी भाषा वापरली. सोबत अनेक छोटे नकाशे मांडले, प्रत्येक नकाशा म्हणजे एक संभाव्य निकाल. पुढे असलेला उमेदवार हरतो असे नकाशेही वाचकाला डोळ्यांनी दिसत. कोपऱ्यात एक कार्टून कोल्हा समजावून सांगायला बसवला होता. कोल्ह्यावर पुष्कळांनी नाकं मुरडली. मला तो चालला. उलट कोण जिंकेल त्याचा कल दाखवणारी न्यूयॉर्क टाइम्सची 2016 मधली ती प्रसिद्ध सुई आठवा. निकालाच्या रात्री ती थरथरत होती. अनिश्चितता दाखवायला मुद्दाम थरथरवली होती. बघणाऱ्यांना वाटलं, दर सेकंदाला नवी मतं येताहेत आणि पारडं हलतंय. अनिश्चितता दाखवण्याचा हेतू मला पटतो, पण त्या थरथरीने अनेकांचा फक्त रक्तदाब वाढला.

अचूकतेच्या हौसेचा कळस अमेरिकेच्या 2024 च्या अध्यक्षीय निवडणुकीत झाला. सिल्व्हर यांनी आपल्या नव्या ठिकाणी शेवटचा अंदाज चालवला तेव्हा संगणकावर घडवलेल्या 80,000 आभासी निवडणुकांपैकी कमला हॅरिस 40,012 वेळा जिंकल्या. निम्म्यापेक्षा बाराने जास्त! याचा अर्थ नाणेफेक, आणि तसं त्यांनी म्हटलंही. पण अशा आकड्यावरून ‘हॅरिस पुढे’ अशी ओळ काढायचा मोह ज्याला होतो त्याने क्षणभर थांबून विचार करावा. दोन्ही बाजूंचा रंग सारखाच ठेवायला आणि मध्ये ‘सांगता येत नाही’ लिहायला काय हरकत होती? पण तशी ओळ लिहायला कुणाचाच हात धजावत नाही, हे मला माहीत आहे. त्या पानावर कोण क्लिक करणार?

भारतातला प्रकार याहून वेगळा आहे. इथे टक्क्यांपेक्षा जागांना भाव. शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल जाहीर करायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे साडेसहाचा ठोका पडला की सगळी संकेतस्थळं एकाच मिनिटाला आकडे ओततात. 1 जून 2024 च्या संध्याकाळी अॅक्सिस माय इंडियाने एनडीएला 361 ते 401 जागा दिल्या, टुडेज चाणक्यने 400 च्या आसपास, अधिक-उणे 15. तीन दिवसांनी एनडीएला 293 मिळाल्या, त्यात भाजपच्या 240. चुकण्याबद्दल मी बोलत नाही, सर्वेक्षणं चुकतात. माझा प्रश्न मांडणीचा आहे. 361 ते 401 ही चाळीस जागांची रुंदी अनेक पानांवर मध्याला आणून 381 ची एक ठसठशीत पट्टी झाली. मग अशा सगळ्या पट्ट्यांची सरासरी काढून ‘महापोल’. सगळे एकाच दिशेला चुकले असतील तर सरासरीने चूक जात नाही, तिला फक्त वजन येतं. अमेरिकेतल्या त्या 99 टक्क्यांची गोष्ट, जागांच्या वेशात.

शिवाय जागांचा आकडा कुणी मोजलेला नसतोच. मोजतात मतं. मतांवरून जागा काढताना मध्ये एक लांब आणि निसरडी वाट असते. 2019 मध्ये भाजपला देशात 37.4 टक्के मतं आणि 303 जागा मिळाल्या. 2024 मध्ये 36.6 टक्के मतं आणि 240 जागा. मतांत एका टक्क्याचाही फरक नाही आणि जागा 63 ने उतरल्या. मतं कुठे पडली, समोर किती उमेदवार होते, विरोधकांची जागावाटपं कशी झाली, सगळं त्यात आलं. म्हणून जागांच्या पट्टीशेजारी ती ज्या मतांच्या टक्क्यांवरून काढली तो टक्का दाखवा. संस्थेने तो दिला नसेल तर ‘दिला नाही’ असं लिहा. ही दोन शब्दांची नोंद एखाद्या संपादकीयाहून जास्त काम करेल.

माहिती देण्या-न देण्याची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतो. ब्रिटनमध्ये सर्वेक्षण संस्थांची एक परिषद 2004 पासून आहे. सर्वेक्षण प्रसिद्ध झालं की सविस्तर तक्ते दोन कामाच्या दिवसांत खुले करायचे, असा तिच्या सदस्यांवर दंडक आहे. पैसे कुणी दिले, कधी विचारलं, किती जणांना विचारलं, फोनवर की ऑनलाइन, प्रश्नाचे नेमके शब्द काय. एवढं करूनही 2015 मध्ये ब्रिटिश सर्वेक्षणांनी अटीतटीची लढत सांगितली आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष सहा टक्क्यांहून जास्त फरकाने पुढे राहिला. पण तक्ते खुले असल्यामुळे नंतर स्वतंत्र चौकशी होऊ शकली आणि दोष नमुन्यांत होता हे दाखवता आलं. तक्तेच नसतील तर चुकलेल्या अंदाजाचं शवविच्छेदन कसं करणार?

कच्चा माल एकच असला तरी हात बदलला की चव बदलते, याचा सुंदर प्रयोग न्यूयॉर्क टाइम्सने सप्टेंबर 2016 मध्ये केला होता. फ्लोरिडातल्या 867 मतदारांच्या मुलाखतींची तीच माहिती चार वेगवेगळ्या जाणकारांना दिली. तिघांच्या हिशेबात क्लिंटन पुढे आल्या, चारने, तीनने आणि एकने. चौथ्यांच्या हिशेबात ट्रम्प एकने पुढे. एकही नवा फोन न लावता पाच टक्क्यांचं अंतर! कोण मतदानाला जाईल आणि कुणाला किती वजन द्यायचं, एवढ्याच निर्णयांवरून. हा प्रयोग तुमच्यातल्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी दाखवावा असं मला फार वाटतं.

म्हणूनच जुन्या पोल्स्टर डॉट कॉमची मला अजून आठवण येते. तिथे एकेक सर्वेक्षण म्हणजे एकेक ठिपका, आणि त्या ठिपक्यांमधून जाणारी रेषा तुम्हाला स्वतः बदलून बघता यायची. एखादी संस्था काढून टाका, रेषा किती हलते बघा. रेषा जास्त गुळगुळीत करा किंवा जास्त चंचल, कल उलटतो का बघा. पंधरा मिनिटं खेळलं की कळायचं, ‘कल’ नावाची वस्तू बरीचशी रेषा ओढणाऱ्याच्या हातात असते. आज तुमच्याकडे तंत्रज्ञान तेव्हापेक्षा कितीतरी पुढचं आहे. पानं सरकतात, चमकतात, नकाशे रंग बदलतात. पण रेषेला हात लावायची मुभा बहुतेक ठिकाणी नाही.

चाकोरीबाहेरच्या सर्वेक्षणाचं काय करायचं हाही प्रश्न आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वेक्षणकार अॅन सेल्झर यांच्या सर्वेक्षणात अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हॅरिस तीनने पुढे दिसल्या. सेल्झर यांची ख्याती मोठी, त्यामुळे तो आकडा जगभर मथळ्यात गेला. ट्रम्प तिथे तेरा टक्क्यांनी जिंकले. यावरून ‘वेगळा आकडा दडपा’ असा धडा कुणी घेऊ नये. सेल्झर यांनी जे मोजलं ते छापलं. त्याच काळात इतर अनेक संस्थांचे आकडे संशयास्पद रीतीने एकमेकांना चिकटून येत होते, बहुधा कळपाबाहेर पडायच्या भीतीने. वेगळा ठिपका आलेखात असूच द्या, बाकीच्या ठिपक्यांच्या सोबत. त्याला उचलून एकट्याला सिंहासनावर बसवलं की गडबड होते.

शेवटची तक्रार, आणि ती हळव्या मनाने करतो. मार्च 2025 मध्ये एबीसी न्यूजने फाइव्हथर्टीएट बंद केलं. जुन्या पत्त्यावर गेलं की आता एबीसीच्या राजकारणाच्या पानावर जाऊन आदळायला होतं. ते नकाशे, तो कोल्हा, चुकलेले आणि बरोबर आलेले अंदाज, सगळं एका जागी होतं. तुम्ही काल काय दाखवलं होतं हे आज बघता येत नसेल तर तुमची परीक्षा घ्यायची कुणी? निकालानंतर आपलीच जुनी पानं गुपचूप नव्या आकड्यांनी बदलणारी मंडळीही मी पाहिली आहेत. मतदानाच्या आदल्या दिवशीचं पान, जसंच्या तसं, तारखेसह जपून ठेवा. त्याच्याशेजारी निकालाची एक पट्टी काढा. चूक मोठी असेल तर मोठी दिसू द्या.

पुढच्या निवडणुकीत मी नेहमीप्रमाणे चार-पाच पानं शेजारी शेजारी उघडेन. आधी उभा अक्ष कुठून सुरू होतो ते बघेन, मग उपगटात माणसं किती, मग करडी पट्टी आहे की नाही. माझी ती 52-48 ची मूळ फाइल अजून माझ्याकडे आहे, तिन्ही पट्ट्यांसकट. तुमच्या नव्या माणसांना दाखवायला हवी असेल तर कळवा, पाठवून देईन.

आपला,
एक वाचक, एके काळचा आलेखकार